हाडकलेल्या माणसाची शुगर

शुगर खात्यापित्या, जाड माणसाला होते, हा समज चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत आजही ऐकू येतो. त्यामुळे वर्षानुवर्षं पोट दुखणाऱ्या, हाडं दिसू लागलेल्या माणसाची रक्तातली साखर तपासायचं सुचत नाही. स्वादुपिंडाचा जुनाट दाह असेल तर मधुमेह नेमका अशाच माणसाला गाठतो.

जठरामागच्या या ग्रंथीचा बहुतेक भाग पाचकरस तयार करतो. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची बेटं जेमतेम एक-दोन टक्के. दाह चालू राहिला की पाचकरसाच्या पेशी मरतात, त्यांच्या जागी घट्ट तंतू वाढतात, नळीत कॅल्शियमचे खडे धरतात. पुढे त्याच तंतूंत बेटंही आवळली जातात. म्हणून मधुमेह बहुधा काही वर्षांनी उघड होतो. गोड खाल्ल्याने बेटं मेलेली नसतात, आणि गोड सोडल्याने ती परत येत नाहीत.

या बेटांत साखर वाढवणारं ग्लुकॅगॉनही तयार होतं. तेही घटतं. म्हणून इन्सुलिन टोचून, न जेवता पहाटे तेंदूपानं तोडायला गेलेल्याची साखर एकदम कोसळू शकते. गूळ-साखर जवळ हवीच.

‘हा दाह दारू पिणाऱ्यालाच होतो’ हेही अर्धंच खरं. दारू मोठं कारण आहेच. पण बिडी-सिगारेटचा धूर स्वतंत्रपणे त्याचा धोका वाढवतो. थेंबही न घेतलेल्या तरुणांतही स्वादुपिंडातल्या खड्यांचा आजार दिसतो. त्यांतल्या काहींत स्पिंक-वन जनुकातला दोष सापडतो.

सर्वांत फसवा समज म्हणजे दुखणं थांबलं की आजार गेला. ग्रंथी जवळपास संपल्यानेही कळा कमी होऊ शकतात! तेव्हाच तेलकट, तरंगणारी शौच आणि घटतं वजन दिसतं. पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल मग जेवतानाच घ्यायच्या असतात.

इथे सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजारही बराच आहे, त्यामुळे पोटातली प्रत्येक कळ त्याच्यावर ढकलली जाते. सिकलसेलमध्ये पित्ताचे खडे होतात; ते नळीत अडकले तर स्वादुपिंडाला सूज येते. शिवाय लाल पेशी लवकर मरत असल्याने तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीए-वन-सी चाचणी खोटा दिलासा देऊ शकते. अशा रुग्णाची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासावी लागते. म्हणून तपासणीसाठी रक्त देण्याआधीच डॉक्टरांना सिकलसेलचं कार्ड दाखवा.