सहा माणसं, तीन तिकिटं : घरच्यांना फिरायला न्यायचं गणित

हा एपिसोड मी गंगापूरला घरच्या गच्चीवर बसून रेकॉर्ड केला. त्यामुळे मध्येच ट्रॅक्टर जातो, मध्येच आई खालून हाक मारते. लेखी एपिसोडमध्ये तेवढा त्रास नाही. बोललोय तसंच बऱ्यापैकी लिहिलंय, फक्त "म्हणजे", "म्हणजे" कमी केलेत.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असतो. "दादा, नोकरी लागून दोन-तीन वर्षं झाली. आई-बाबांना कुठेतरी फिरवून आणायचंय. वीस-पंचवीस हजारांत होईल का?" होतं. पण त्याआधी माझा पहिला प्रयत्न कसा फसला ते ऐका, कारण बजेट शिकलो ते तिथेच.

डिसेंबर २०२३. ताईला, भाच्याला, आई-बाबांना घेऊन मनाली. ५४,००० चं पॅकेज, नऊ हप्ते, महिन्याला ६,०००, "नो कॉस्ट ईएमआय". मी इंजिनिअर माणूस, शून्य टक्के व्याज बघितलं आणि बटण दाबलं. नंतर स्टेटमेंट नीट वाचलं तेव्हा कळलं की व्याज असतंच. तेवढी रक्कम आधी सवलत म्हणून वजा दाखवतात, मग बँक हप्त्यात व्याज लावते, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्याकडूनच घेते. वर प्रोसेसिंग फी. रोख भरणाऱ्याला कदाचित भाव कमी करून मिळाला असता, तो प्रश्न मी विचारलाच नाही. रक्कम फार मोठी नव्हती. खरा फटका वेगळाच बसला.

मार्च २०२४ मध्ये शेतातल्या बोअरची मोटर जळाली. बाबांचा फोन आला, "नऊ हजार लागतील, आहेत का?" माझ्या खात्यात २,३०० होते. बाबा म्हणाले, "असू दे, बघतो मी." त्यांनी मित्राकडून उसने घेतले, पण त्यात आठ दिवस गेले आणि कांद्याची पाण्याची एक पाळी चुकली. मनालीचे फोटो तेव्हा माझ्या व्हॉट्सॲप डीपीला होते. बाबांनी त्यावरून एक शब्द काढला नाही, आणि तेच जास्त लागलं.

म्हणून दुसऱ्या वेळी दोन गोष्टी ठरवल्या. ट्रिप आधी जमवलेल्या पैशांतच करायची. आणि जागा ठरवण्याआधी घरातली माणसं मोजायची. नुसती संख्या नाही, वयं.

आम्ही सहा जण होतो. आजी ८४. बाबा ६५, गेल्याच वर्षी पूर्ण झाले. आई ५८. बायको, मी, आणि ताईचा मुलगा, वय ९. आता ही यादी एसटीच्या कंडक्टरच्या नजरेने बघा. ७५ पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीत तिकीट नाही, अमृत ज्येष्ठ नागरिक योजना. म्हणजे आजी शून्य. ६५ ते ७५ अर्धं तिकीट, बाबा अर्धे. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे आई अर्धी, बायको अर्धी. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं, भाचा अर्धा. पूर्ण पैसे भरणारा घरात एकटा मी. सहा माणसं, तीन तिकिटं!

या सवलती आपल्याला माहीत असतात, पण आपण त्या तालुक्याला जाण्यापुरत्याच वापरतो. फिरायला जायचं म्हटलं की गाडी ठरवतो. मीही ठरवायला निघालो होतो. आईला समुद्र बघायचा होता. आयुष्यात कधी पाहिला नव्हता. आमच्याकडून बरा जवळचा आणि सोपा किनारा म्हणजे अलिबाग. पुण्यापर्यंत साधारण २०० किलोमीटर आणि पुढे दीडशेच्या आत-बाहेर. मी पुण्यात राहतो, त्यामुळे मध्ये मुक्कामाला घर होतंच. ८४ वर्षांच्या माणसाला एका दिवसात साडेतीनशे किलोमीटर बसवायचं नाही, हे आमचं पहिल्यापासून पक्कं होतं.

गावातल्या एका गाडीवाल्याला विचारलं. सात सीटर, १६ रुपये किलोमीटर. मी मनात हिशोब केला, जाऊन-येऊन ७००, तिथे फिरणं ६०, म्हणजे ७६० गुणिले १६, बारा हजारांच्या आसपास. वाईट नाही. मग तो म्हणाला, "दिवसाला तीनशेचं रनिंग धरतो आपण."

हे वाक्य नीट समजून घ्या, कारण बाहेरगावच्या भाड्यात जवळपास सगळीकडे अशी अट असते, कुठे अडीचशे, कुठे तीनशे. गाडी तुम्ही दहा किलोमीटर फिरवा नाहीतर हॉटेलखाली उभी ठेवा, दिवसाचे किमान तेवढे किलोमीटर बिलात येतात. गाडीवाल्याच्या बाजूने ते बरोबरच आहे, त्याची गाडी आणि ड्रायव्हर तुमच्याकडे अडकलेत. पण आमचे पुण्यातले दोन मुक्काम धरून पाच दिवस होत होते. पाच गुणिले तीनशे, १,५०० किलोमीटर. म्हणजे २४,०००. ड्रायव्हरचा भत्ता दिवसाला ५००, अजून २,५००. टोल-पार्किंग वेगळं. प्रत्यक्षात चालणार ७६०. निम्मं बिल उभ्या गाडीचं!

आता एसटी. साध्या बसचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर चालतं. २५ जानेवारी २०२५ ला १४.९५ टक्के भाडेवाढ झाली, तेव्हापासून टप्प्याला साधारण दहा रुपये धरा. गंगापूर ते पुणे ३४ टप्पे, पूर्ण तिकीट ३४० च्या आसपास. गावाकडून येणारे चौघे : आजी शून्य, बाकी तिघं अर्धे. दीड तिकीट, ५१० रुपये. पुणे-अलिबाग २५ टप्पे, २५० रुपये, सहा जणांची तीन तिकिटं, ७५०. एका बाजूचे १,२६०, दोन्ही बाजूंचे २,५२०. सहा माणसांचे!

मी हे दोनदा तपासलं. बायको म्हणाली, कुठेतरी शून्य राहिलंय. नव्हतं राहिलं.

एसटी म्हणजे सगळं गोड असं नाही. लालपरीची पायरी उंच असते, आजीला वर घ्यायला दोन माणसं लागली. मराठवाड्याकडून येणारी बस वाकडेवाडीला सोडते आणि अलिबागची स्वारगेटहून निघते, त्यामुळे पुण्यात सामान घेऊन दोन-दोन रिक्षा. त्यात १,४०० गेले, आणि ते मी आधीच शीटमध्ये लिहिले होते. बजेट फुटतं ते अशा जोडण्यांमध्ये. तिकीट सगळे लिहितात, स्टँडपासून खोलीपर्यंतची रिक्षा कुणी लिहीत नाही. रिझर्व्हेशन करताना सवलतीचा प्रकार नीट निवडा आणि वयस्कर माणसांचं मूळ आधार कार्ड जवळ ठेवा. घरात कुणी आजारी असेल किंवा तान्हं बाळ असेल तर सरळ गाडी करा. तिथे पैसे वाचवायला जाऊ नका.

तारखेबद्दल. आमची तारीख शेताने ठरवली. कापूस वेचून झालेला, संक्रांत झालेली, आणि २६ जानेवारीचा लाँग वीकेंड अजून यायचा होता. १९ जानेवारीच्या सोमवारी घरचे निघाले, शुक्रवारी परत. अलिबागला ज्या घरगुती मुक्कामात राहिलो तिथे शनिवारी एका खोलीचे ३,२०० सांगत होते, मंगळवार-बुधवारचे १,८००. तीच खोली, तोच पंखा. दोन खोल्या, दोन रात्री, ७,२००. वीकेंडला गेलो असतो तर १२,८००. भाच्याची पाच दिवस शाळा बुडाली. ताईने बाईंना आधी सांगितलं, बाईंनी त्याला "समुद्रावर दहा ओळी" लिहून आणायला सांगितलं. प्रकरण मिटलं.

जेवणाला ६,००० धरले होते. प्रवासातलं जेवण आईने घरून आणलं, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, दोन दिवस टिकतात. आजी माळकरी, तिला खानावळीचा भरवसा नाही, त्यामुळे हा मुद्दा वादाविना पास झाला. बाबा आणि भाचा मात्र अलिबागला मासळीच्या थाळीवर तुटून पडले. तिथल्या रिक्षा २,०००, तिकिटं आणि गंमतजंमत १,२००, खरेदी १,५००. सगळी बेरीज २१,८२०. म्हणजे अख्खी ट्रिप नुसत्या गाडीच्या बिलापेक्षा स्वस्त.

खरेदीची रक्कम आधी ठरवा, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे. आपल्याकडे गावाला परतताना शेजारी, चुलती, मावशी सगळ्यांसाठी काहीतरी न्यायचं असतं. ते टाळता येत नाही आणि टाळूही नये. पण "बघू तिथे गेल्यावर" म्हणलं की ते पंधराशेचे चार हजार होतात.

पैसे आले कुठून? मी आणि बायको दोघांनी ऑगस्टपासून महिन्याला हजार-हजार वेगळ्या खात्यात टाकले. पगार झाला त्याच दिवशी, महिनाअखेरीला उरले तर नाही. पाच महिन्यांचे १०,०००. त्या खात्याला यूपीआय जोडलं नाही, हा खरा उपाय. समोर चहावाल्याचा क्यूआर कोड असला की आपला निर्धार पाच मिनिटं टिकतो. आणि १२,००० आईच्या भिशीचे. गल्लीतल्या बारा बायका, महिन्याला हजार, आईचा नंबर डिसेंबरमध्ये लागला. मी आधी नाही म्हणालो, मला ट्रिप आपल्या पैशांनी करायची होती. आई म्हणाली, "समुद्र मला बघायचाय का तुला?" विषय संपला. भिशी ही बिनव्याजी बचत आहे, चांगली आहे, पण ओळखीच्या बायका, ओळखीची गल्ली आणि लहान रक्कम एवढ्यापुरतीच. कुणी ॲपवरून अनोळखी लोकांची भिशी चालवत असेल तर लांब राहा. निघताना बाबांनी २,००० हातात ठेवले, "अडीअडचणीला". झाले २४,०००.

अलिबागला बुधवारी सकाळची ओहोटी गाठून कुलाबा किल्ल्यावर गेलो. ओहोटीला तिथे पायी जाता येतं, घोडागाडीही जाते, भरती आली की रस्ता पाण्याखाली. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून आदल्या रात्री मुक्कामाच्या मालकांना विचारून ठेवा. आम्ही आजीला आणि आईला घोडागाडीत बसवलं, बाकीचे चालत. आजीची एक चप्पल पाण्यात गेली, ती काही बजेटमध्ये नव्हती. आई बराच वेळ काही बोलली नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघण्यात तिची निम्मी हयात गेली. तिने ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं, थुंकलं आणि म्हणाली, "एवढं पाणी, अन् एका वाफ्याच्या कामाचं नाही." बाबा खो खो हसले. मोटर जळाल्यापासून पाण्याच्या विषयावर हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

शेवटी खर्च झाला २२,६४०. ८२० जास्त : चप्पल, आणि भाच्याने उंटावर दोनदा बसायचा हट्ट केला तो. परत आल्यावर १,३६० उरले.

एक इशारा. हे सगळं गणित महाराष्ट्राच्या हद्दीतलं आहे. एसटीच्या या सवलती राज्याच्या सीमेपर्यंतच. गोवा, हैदराबाद, तिरुपती म्हटलं की आपण रेल्वेवर येतो, आणि रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं. म्हणजे तिथे आमची तीन तिकिटं सरळ सहा होतात. आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वी १२० होतं, त्यामुळे तारीख ठरली की कॅलेंडरमध्ये आठवण लावून ठेवा. जाऊ नका असं नाही, पण त्या ट्रिपचे पैसे पाच महिन्यांत नाही, वर्षभरात जमवा.

आणि ज्यांचं बजेट यंदा २४,००० पण नाही, त्यांनी लाजू नये. आम्ही उरलेल्या १,३६० मध्ये वेरूळ करणार आहोत. लेणी बघायला माणशी ४० रुपये, १५ वर्षांखालच्यांना फुकट. फक्त गर्दी टाळायला मधल्या वारी जाताना एक बघा : वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. मी एकदा मित्रांना घेऊन मंगळवारी गेलो होतो, गेट बघून परत.

आता तुमचं काम. घरातल्या सगळ्यांची वयं एका कागदावर लिहा आणि शेजारी शून्य, अर्धं, एक असं मांडा. बेरीज किती आली ते मला व्हॉइस नोटवर सांगा. अडीचच्या खाली कुणाची आली तर पुढच्या एपिसोडमध्ये त्यांचं नाव घेतो.

आजीने ते शून्य रुपयांचं तिकीट अजून बटव्यात ठेवलंय. कंडक्टरने रीतसर मशीनमधून काढून दिलेलं. गल्लीत येईल त्याला दाखवते. चला, खालून तिसरी हाक आली. भेटू.