नरखेडातून डेटिंग ॲप? आधी आठवडी बाजार समजून घ्या



मागच्या हंगामात नरखेड तालुक्यात एक वर्कशॉप घेतलं. चहाच्या सुट्टीत एक पोरगा बाजूला घेऊन म्हणाला, "सर, ॲप बनवून राहिलो. चार लाख लागते म्हणते डेव्हलपर. संत्र्याचे पैसे आलेत, बाबांना अजून सांगितलं नाही." त्याचा आतेभाऊ अमेरिकेत. त्याच्या खोलीतला कोरियन मुलगा फक्त कोरियन माणसांसाठी असलेल्या डेटिंग ॲपवर पोरगी शोधतो. "मंग बाहेरच्या मराठी पोरांसाठी असं ॲप काहून नाही सर?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. पण चार लाख बापाच्या बागेचे आहेत. म्हणून त्याला जे सांगितलं, ते इथे सविस्तर लिहितो.

परदेशात राहणाऱ्या माणसाला आपल्या भाषेचा, आपल्या जेवणाचा जोडीदार हवासा वाटतो. ही गरज खरी आहे आणि तिच्यावर धंदे उभे राहिलेत. आपल्याकडचं मोठं उदाहरण मुरुगवेल जानकीरामन यांचं. अमेरिकेत सॉफ्टवेअरची नोकरी करताना १९९७ च्या सुमारास त्यांनी तमिळ लोकांसाठी साधी वेबसाइट काढली. त्यात लग्नाच्या जाहिरातींचं एक पान होतं. गर्दी त्याच पानावर व्हायला लागली, तेव्हा त्यांनी तेच धरलं आणि भारतमॅट्रिमनी उभी राहिली. त्यांची स्वतःची बायकोही त्याच साइटवर भेटली. २०१७ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. यात एक गोष्ट बघा : माणसं आधी जमली होती, लग्नाचा धंदा नंतर आला.

आता कोरियन लोकांकडे येऊ. २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अरुम, दावून आणि सू कांग या मूळच्या कोरियाच्या तीन बहिणींनी 'कॉफी मीट्स बेगल' सुरू केलं. अमेरिकेतल्या शार्क टँकमध्ये २०१५ साली मार्क क्युबनने त्यांना विचारलं, अख्खी कंपनी तीन कोटी डॉलरला द्याल का? त्या नाही म्हणाल्या. हा किस्सा सगळे सांगतात. मला त्याहून महत्त्वाच्या वाटतात दुसऱ्या दोन गोष्टी. एक, बहिणी कोरियन असूनही त्यांनी ॲप फक्त कोरियन लोकांसाठी ठेवलं नाही. दोन, सुरुवातीला हे ॲप दिवसाला एकच स्थळ दाखवायचं, दुपारी बारा वाजता.

एकच का? बहिणींचं म्हणणं होतं की कमी पण नीट निवडलेलं द्यावं. मला त्यात धंद्याचं दुसरंही गणित दिसतं. समजा तुमच्या ॲपवर ६०० जण आले. त्यातली पोरं ४००, पोरी २००. पोरी चार शहरांत विखुरलेल्या, म्हणजे एका शहरात ५०. वय जुळणाऱ्या २०. शिक्षण, आवडनिवड बघितली की उरल्या सात-आठ. पोरगा संध्याकाळी बसून अंगठ्याने सरकवत गेला, तर दहा मिनिटांत सगळं संपतं. दुसऱ्या दिवशी ॲप डिलीट! तेच सात-आठ चेहरे रोज एक असे दाखवले, तर तो आठवडाभर टिकतो, तोवर नवी माणसं येतात. छोट्या दुकानदाराने माल मोजून मांडावा तसंच हे.

कोनाडा जितका छोटा, तितकी ही अडचण मोठी. पोरी नाहीत म्हणून पोरं थांबत नाहीत, पोरं टिकत नाहीत म्हणून पोरींना कोणी सांगत नाही. त्यावर आपल्या आजोबांनी कधीच उत्तर काढलेलं आहे : आठवडी बाजार! सातही दिवस दुकान उघडं ठेवलं असतं तर गिऱ्हाईक आणि माल यांची गाठच पडली नसती. एकच वार, एकच जागा. समाजाचे वर-वधू परिचय मेळावे याच तत्त्वावर चालतात. सगळी कुटुंबं एकाच दिवशी एका मांडवात. आणि जाताना हातात परिचय पुस्तिका. ती पुस्तिका म्हणजे ॲपच आहे हो, फक्त चार्जिंग लागत नाही.

मी त्याला म्हटलं, "अमेरिकेतल्या मराठी पोरांना तू ओळखतोस किती?" म्हणे, आतेभाऊ आणि त्याचे दोन दोस्त. "आणि तालुक्यात लग्न अडलेली पोरं?" तो हसला. "सर, मोजता येत नाहीत."

हा खरा बाजार, आणि दुखरा. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली ९१३ होत्या. आज ती लेकरं पंचविशी-तिशीत आहेत. त्यात शिकलेल्या मुलीला नागपूर-पुण्याची नोकरी दिसते; संत्र्याची बाग कितीही चांगली असली तरी गाव नको असतं. तिचंही चुकत नाही. पण म्हणूनच इथे फसवणारे दलाल फिरतात, पैसे घेऊन लग्न लावतात आणि नवरी चार दिवसांत गायब.

कोरियाच्या खेड्यांनी हे आपल्याआधी पाहिलंय. तिथले शेतकरी दलालांमार्फत व्हिएतनामसारख्या देशांतून नवऱ्या आणू लागले. तक्रारी वाढल्या तेव्हा २००७ मध्ये विवाह मध्यस्थांसाठी कायदा झाला. २०१० मध्ये बुसानला एका व्हिएतनामी नवरीचा, कोरियात आल्यावर आठ दिवसांत, मानसिक आजार असलेल्या नवऱ्याने खून केला. आजाराची तिला कल्पनाच नव्हती. त्यानंतर आरोग्य, आधीचं लग्न, गुन्ह्यांची नोंद ही माहिती दोन्ही बाजूंना देणं मध्यस्थांवर बंधनकारक झालं. आपल्याकडेही केंद्र सरकारने २०१६ मध्ये विवाह-वेबसाइटसाठी सूचना काढल्या : ओळखपत्राची पडताळणी हवी, आणि साइट लग्नासाठी आहे, डेटिंगसाठी नाही, हे स्पष्ट लिहायला हवं. पोरींचे फोटो, फोन नंबर तुमच्याकडे येणार, ही जोखीम चार लाखांपेक्षा मोठी आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर बायोडाटा फिरवणाऱ्यांनी हे जरा मनावर घ्या.

म्हणजे ॲप कधीच काढू नये का? तसं नाही. बंगळूरच्या 'आयल'ने २०१४ पासून आधी गिऱ्हाईक बांधलं, मग २०२१ मध्ये मल्याळी लोकांसाठी 'अरिके' हे वेगळं ॲप काढलं. पुढच्याच वर्षी इन्फो एजने 'आयल'चा ७६ टक्के हिस्सा सुमारे ९१ कोटींना घेतला. क्रम बघा फक्त.

त्या पोराला मी गृहपाठ दिला. कोड नाही, डेव्हलपर नाही. एक छापील फॉर्म, ओळखपत्र बघूनच नोंदणी, नोंदणी फी दोन्हीकडून सारखी आणि थोडीच, लग्न जमल्यावर कमिशन नाही. कमिशन ठेवलं की आपणच घाई करायला लागतो, आणि दलालात-आपल्यात फरक उरत नाही. फॉर्मवर एक ओळ मुलीने स्वतः भरायची : गावात राहायची तयारी आहे की नाही. आईवडिलांनी भरायची नाही.

दीड महिन्यानंतर त्याचा फोन आला. पोरांच्या फॉर्मचा ढीग आणि पोरींचे हातावर मोजण्याएवढे. आवाज पडलेला होता. मी विचारलं, फॉर्म घेऊन घरोघरी कोण जातं? म्हणे, मी अन् माझा दोस्त.

"दोन पोट्टे दारात उभे राहिले तर कोणती माय पोरीची माहिती देईल रे?"

जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, वहिनी बचत गटात आहे, तिला विचारून पाहतो. आता रविवारी वहिनी आणि गटातल्या दोघी जातात, हा फक्त गाडी चालवतो. चार लाख अजून बँकेतच आहेत, आणि बाबांना सगळं सांगून झालंय.