जे. जे. कलाशाळा : वास्तू आणि शिक्षण

आपल्या आरमोरीची मुले माध्यमिक शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे ठरलेले विषय. कोसा विणणाऱ्याचा मुलगा असो की शेतकऱ्याचा, सर्वांना एकच वर्तुळ व एकच नक्षी. ही पद्धत आपल्या मातीतून उगवलेली नाही. ती लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधील कलाशाळेतून मुंबईस आली आणि तेथील सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून महाराष्ट्रभर पसरली. म्हणून त्या शाळेचा इतिहास आपणास परका नाही.

१८५१ साली लंडनला मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. त्यात हिंदुस्थानी कारागिरांचे विणकाम, धातुकाम पाहून इंग्रज जाणकारांनी तोंडात बोटे घातली. यंत्राने काढलेला त्यांचा स्वतःचा माल त्यापुढे ओबडधोबड दिसू लागला. अशा कारागिरीस शिक्षणाची जोड द्यावी, या हेतूने सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ मध्ये एक लाख रुपये देऊ केले, आणि मार्च १८५७ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये रेखनाचा वर्ग सुरू झाला. गंमत अशी की ज्या हातांची वाहवा झाली, त्यांनाच शिकविण्यासाठी शिक्षक मात्र विलायतेतून आणावयाचे ठरले!

तरी आलेली माणसे सामान्य नव्हती. १८६५ मध्ये शिल्पकामासाठी जॉन लॉकवुड किपलिंग आले व चित्रकामासाठी जॉन ग्रिफिथ्स आले. किपलिंग यांचे शिक्षणच कुंभारकामाच्या कारखान्यांच्या मुलखात झाले होते. त्याच सुमारास मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला गेला होता, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा शहरात खेळला होता, आणि टोकदार कमानींच्या गॉथिक इमारती उठू लागल्या होत्या. गॉथिक म्हटले की खांबाच्या माथ्यावर पानेफुले, पशुपक्षी हवेतच. ते कोरणार कोण? शाळेला विद्यार्थ्यांसाठी काम मिळाले आणि कामासाठी विद्यार्थी. क्रॉफर्ड मार्केट म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई. तिच्या दारावरील उठावशिल्पे किपलिंग यांची. पुढे व्हिक्टोरिया टर्मिनसचे, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे, काम १८७८ ते १८८८ या काळात चालले, तेव्हा तेथील पुष्कळसे कोरीव काम या शाळेच्या विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली केले.

शाळेची स्वतःची गॉथिक वास्तू १८७८ ची. तिचा आराखडा जॉर्ज मोलेसी यांचा. चित्रशाळेच्या बांधणीत खरा प्रश्न उजेडाचा असतो. युरोपात चित्रकार उत्तरेची खिडकी पसंत करतो, कारण तिकडे सूर्य मध्यान्ही नेहमी दक्षिणेस असतो; उत्तरेचा उजेड सावकाश बदलतो आणि वस्तूवरची छाया जागची हलत नाही. आपल्याकडे हा नियम बाराही महिने लागू पडत नाही. मुंबईस मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे झुकलेला असतो. आरमोरीसही थोड्याफार दिवसांच्या फरकाने तसेच. पुस्तकातला नियम मुलूख बदलला की कसा वाकतो, हे त्या शाळेतील शिक्षणालाही लागू होते.

आवारात एक लाकडी बंगला आहे. रडयार्ड किपलिंगचा जन्म तेथला म्हणून लोक तो पाहावयास जातात. जन्म त्या आवारातलाच, ३० डिसेंबर १८६५ चा. पण आजचा बंगला त्यानंतर बांधलेला आहे, आणि लॉकवुड किपलिंग तर १८७५ मध्येच लाहोरला निघून गेले होते. असो.

इमारत झाली, आणि शाळेचे मूळ हेतूकडे दुर्लक्ष झाले, असे माझे मत आहे. कारागिरांची मुले थोडीच आली. ती का यावीत? आपल्याकडचे कोष्ट्याचे पोर ऐनाच्या झाडावरचा कोसा ओळखावयास आणि त्याचा धागा हाताळावयास घरच्या मागाशेजारी शिकते. त्याला ग्रीक पुतळ्याची प्लास्टरची नक्कल वर्षभर गिरवून काय मिळणार? आली ती बहुतेक लिहित्या घरांतली मुले, ड्रॉइंगमास्तराची नोकरी डोळ्यांपुढे ठेवून. धातुकाम, लाकूडकाम वगैरेंसाठी १८९१ मध्ये रे वर्कशॉप निघाले, म्हणजे चूक सरकारलाही जाणवली होती.

मात्र त्याच प्लास्टरच्या पुतळ्यांतून गणपतराव म्हात्रे घडले, हेही सांगितले पाहिजे. १८९६ मध्ये, विद्यार्थिदशेत, त्यांनी 'मंदिरपथगामिनी' घडविली. उभे राहण्याची ढब ग्रीक अभ्यासातून आलेली, पण लुगडे नऊवारी, चाल आपल्या बायकांची. ग्रिफिथ्स यांनीही १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना अजिंठ्यास नेऊन भिंतींवरील चित्रांच्या नकला करविल्या. त्यांतील कितीतरी लंडनला पाठविल्यावर १८८५ च्या आगीत जळाल्या. परदेशी शिक्षकाने आपल्याच लेण्यांकडे मुलांना नेले, याबद्दल मी त्यांचे उपकार मानतो.

वडसा-गोंदियाकडून विदर्भ एक्सप्रेसने मुंबईस जाणारा माणूस उतरतो तोच त्या विद्यार्थ्यांनी कोरलेल्या दगडाखाली. शाळा तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. माझे सांगणे एवढेच, की घाई न करता आधी स्थानकाच्या खांबांचे माथे पाहावेत, मग मंडईचे दार, आणि शाळेची इमारत त्यानंतर.