उसने संबोधन, विसरलेले नाते

अमेरिकी इंग्रजीत परक्या माणसालाही ‘अमिगो’ अशी हाक सहज मारली जाते. अमिगो म्हणजे मित्र, कोम्पाद्रे म्हणजे जिवलग सोबती. दोन्ही शब्द मूळचे स्पॅनिश. १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गो तहानंतर, टेक्सास धरून मेक्सिकोचा निम्म्याहून अधिक प्रदेश अमेरिकेकडे गेला. भूमीबरोबर तेथील बोलीही नव्या धन्यांच्या कानी पडली, आणि असे अनेक शब्द इंग्रजीत रुजले.

भाषांची अशी देवघेव चालायचीच. मराठीतील ‘दोस्त’ आणि ‘यार’ फारसीतूनच आले. तेव्हा प्रश्न उसनवारीचा नाही. उसने घेताना मागे काय ठेवले, याचा आहे. स्पॅनिश भाषी समाजात मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी जो धर्मपिता होतो, तो त्याच्या आईबापांचा कोम्पाद्रे. अडीअडचणीला धावून जाणे हे त्याचे कर्तव्यच मानले जाते. इंग्रजीने या शब्दातील जिव्हाळा तेवढा उचलला. कर्तव्य सीमेपलीकडेच राहिले.

व्यवहारातही तेच घडले. १९४२ ते १९६४ या काळात ‘ब्रासेरो’ योजनेखाली मेक्सिकन मजुरांशी सुमारे ४६ लाख करार झाले. आरंभीच्या वर्षांत त्यांच्या मजुरीतून दहा टक्के रक्कम बचतीच्या नावाखाली कापली जाई. दोन देशांच्या कारभारात ती अडकली आणि कित्येकांच्या हाती कधीच पडली नाही. टेक्सासमधील शाळांत तर स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना कित्येक दशके शिक्षा होत असे. धन्याच्या तोंडी जी भाषा मौजेची, तीच मजुराच्या मुलाच्या तोंडी अपराध ठरली!

भाषाशास्त्रज्ञ जेन हिल यांनी अशा थट्टेखोर स्पॅनिशला ‘मॉक स्पॅनिश’ म्हटले. बोलणारा त्यातून स्वतःला दिलखुलास ठरवतो आणि स्पॅनिश भाषकाला नकळत हलका लेखतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. अर्थात, प्रत्येक ‘अमिगो’मागे तुच्छताच असते असे नव्हे. बरोबरीने राबणाऱ्या दोघांत तो शब्द अस्सल मैत्रीचाच असतो.

मार्च २०२५ मध्ये अध्यक्षीय आदेशाने इंग्रजी ही अमेरिकेची अधिकृत भाषा ठरली. २०२० च्या जनगणनेनुसार त्या देशात सहा कोटींहून अधिक हिस्पॅनिक नागरिक व रहिवासी आहेत. त्यांना ‘मित्रा’ म्हणणे सोपे आहे. पण मित्राला पुरते वेतन मिळते की नाही, त्याच्या मुलाला आपल्या भाषेत निर्भयपणे बोलता येते की नाही, यावरच त्या हाकेचे मोल ठरेल. शब्द उसना आणता येतो. नाते मात्र निभवावेच लागते.