गेमचा कॉम्प्युटर घरी जोडायचा तर

बचत गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी कशाकशासाठी येते ते आपल्याला पाठ आहे. शेळी, शिलाई मशीन, गिरणी, मुलांची फी, दवाखाना. आता अधूनमधून एखादी मागणी अशीही येते, "पोराला कॉम्प्युटर जोडायचाय, गेमचा." बैठकीत हसू होतं. गेमला कसलं कर्ज, असं कुणीतरी म्हणतंच. कर्ज द्यावं की नाही ते तुमचा गट ठरवेल, त्यात आम्ही पडत नाही. पण द्यायचं ठरलं तर ते पैसे कुठल्या वस्तूत जाणार हे सही करणाऱ्या बाईला कळलं पाहिजे. सही आईची आणि माहिती सगळी दुकानदाराकडे, हा व्यवहार बरा नाही.

आपल्याकडे त्या उभ्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. तो डबा म्हणजे नुसतं कॅबिनेट. आत प्रोसेसर असतो, तो हिशेब करतो. ग्राफिक्स कार्ड पडद्यावरचं चित्र तयार करतं. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, चालू कामाचं सामान तिथे मांडलेलं असतं. एसएसडी म्हणजे कोठी, सामान कायमचं तिथे. या सगळ्यांना जोडणारी पाटी म्हणजे मदरबोर्ड, आणि सगळ्यांना वीज पुरवणारा डबा म्हणजे एसएमपीएस. हे भाग वेगवेगळे घेऊन घरी जोडता येतात. स्क्रू ड्रायव्हर आणि एक मोकळी दुपार एवढंच लागतं. नववी-दहावीतली मुलगीही हे करू शकते, तेव्हा जोडताना तिलाही शेजारी बसवा.

दुकानात जाण्याआधी मुलाला एकच गोष्ट विचारा, कोणता गेम खेळायचाय? सगळं त्याच्यावर ठरतं. व्हॅलोरंट किंवा माइनक्राफ्ट हलक्या यंत्रावर चालतात. 2020 साली आलेल्या सायबरपंकसारख्या गेमला मात्र महागडं कार्ड लागतं. "सगळंच खेळणार" हे काही उत्तर नव्हे. दोन-तीन गेमची नावं कागदावर लिहून घ्या.

आता सगळ्यात जास्त फसगत होते ती गोष्ट. दुकानात पाटी असते, "आय7 गेमिंग सेट, स्वस्तात." आय7 म्हणजे भारी, हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण आय7 हे घराण्याचं नाव झालं, वय पुढच्या आकड्यात लपलेलं असतं. आय7 3770 यातला पहिला आकडा 3, म्हणजे तिसरी पिढी, 2012 सालची. आय3 12100 यातले पहिले दोन आकडे 12, म्हणजे बारावी पिढी, 2022 मध्ये बाजारात आलेली. नावाने धाकटा असलेला हा आय3 त्या जुन्या आय7 ला गेममध्ये सहज मागे टाकतो. जुन्या सेटमध्ये बहुधा एच61 नावाचा मदरबोर्ड असतो. तो दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचेच प्रोसेसर घेतो आणि त्याला डीडीआर3 जातीची जुनी रॅम लागते. बोर्ड नव्या खोक्यात मिळाला तरी रचना 2011 ची. पुढे त्यात वाढवायला काही उरत नाही. शिवाय विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर अधिकृतपणे घेत नाही. कसंतरी चढवून देणारे भेटतात. पण विंडोज 11 वर व्हॅलोरंट सुरू होताना यंत्रात टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट आहे का ते तपासतो. नसेल तर गेम उघडतच नाही. ज्या गेमसाठी कर्ज काढलं तोच बंद!

म्हणून "सेट"चा भाव ऐकू नका. प्रत्येक भागाचं नाव, पूर्ण नंबर आणि किंमत कागदावर लिहून मागा. जो दुकानदार लिहून देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

पैसे कमी असतील तर आम्हाला एक रस्ता बरा वाटतो. काही प्रोसेसरमध्ये चित्र काढण्याची ताकद आतच असते, वेगळं कार्ड लागत नाही. एएमडी कंपनीचा रायझन 5 5600जी हा 2021 चा प्रोसेसर तसा आहे. शेवटचा जी लक्षात ठेवा. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट त्यावर छान चालतात, जीटीए 5 चित्राची प्रत उतरवून चालतो. कार्ड पुढच्या वर्षी, पहिलं कर्ज फिटल्यावर घ्यावं. त्याला बी450 किंवा बी550 मदरबोर्ड चालतो आणि डीडीआर4 रॅम लागते. अशा यंत्रात रॅमची एकच 16 ची पट्टी घेऊ नका, 8-8 च्या दोन घ्या. कार्ड नसल्यामुळे चित्रही रॅममधूनच काढलं जातं, आणि दोन पट्ट्यांनी वाट दुप्पट रुंद होते. इंटेलच्या नंबरच्या शेवटी एफ असेल तर मात्र उलटं. त्यात चित्र काढायची सोय नसते, कार्ड घ्यावंच लागतं.

रॅमचे भाव 2025 च्या अखेरीपासून फार चढले आहेत, कारण एआयच्या मोठ्या डेटा सेंटरांची मागणी. दोन-तीन ठिकाणी विचारा. डीडीआर4 आणि डीडीआर5 एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत, बोर्ड बघूनच घ्या. एसएसडी 500 जीबीची तरी हवी. एकटा जीटीए 5 शंभर जीबीच्या वर जागा खातो.

कार्ड घ्यायचंच असेल तर एकूण पैशातला तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त त्यात जाणार हे धरून चाला. रोजच्या 1920 बाय 1080 च्या पडद्याला 8 जीबीचं मधलं कार्ड, आरएक्स 6600 सारखं, भरपूर झालं. जुनं कार्ड स्वस्त मिळतं, पण त्याची जन्मकथा विचारा. इथेरियम नावाचं आभासी चलन मिळवण्यासाठी लोक ही कार्डं रात्रंदिवस चालवत. सप्टेंबर 2022 मध्ये त्या चलनाची पद्धत बदलली, कार्डांची गरज संपली आणि ती जुन्या बाजारात उतरली. प्रत्येक जुनं कार्ड वाईट असतं असं नाही, पण समोर गेम लावून अर्धा तास चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. आरएक्स 580 नावाने दाखवलेल्या कार्डावर 2048एसपी असं लिहिलंय का तेही बघा. मूळ 580 मध्ये काम करणारे गाभे 2304, यात 2048. नाव तेच, माल कमी.

आता एसएमपीएस. याच्याबद्दल मुलं बोलत नाहीत, कारण त्याने गेम एका टक्क्यानेही जोरात पळत नाही. पैसे कमी पडले की पहिली कात्री इथेच लागते. विहिरीवर पाच एचपीची मोटर आणून केबल हलकी टाकली तर काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. तेच इथे. कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर 450 वॅट छापलेलं असतं, तेवढे तो देईलच याचा भरवसा नाही, आणि बिघडला तर बोर्ड आणि कार्ड घेऊन जातो. नावाजलेल्या कंपनीचा, 80 प्लस शिक्का असलेला, 550 वॅटचा घ्या. 80 प्लस म्हणजे आत घेतलेल्या विजेतली निदान 80 टक्के तो यंत्राला पोचवतो. दुसरी खूण वॉरंटीची. चांगल्याला पाच वर्षांची मिळते, भंगाराला एक. कार्ड पुढच्या वर्षी घेणार असाल तरी हा आजच चांगला घ्या.

आणि घरची वीज. बऱ्याच घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण मागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. अनवाणी पायाने कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर समजा अर्थिंग नाही. खेळ तिथेच थांबवा, वायरमनला बोलवा. डबा जमिनीवर ठेवू नका, स्टुलावर ठेवा, मातीची धूळ आतले पंखे ओढून घेतात. छोट्या यूपीएसवर मोठ्या अक्षरात 600 व्हीए असतं, ते वॅट नव्हेत, वॅट त्याच लेबलावर बारीक अक्षरात 360 च्या आसपास दिसतील. त्यावर गेम खेळत राहायचं नसतं, यंत्र नीट बंद करण्यापुरता वेळ मिळतो. बिलाचा हिशेब सोपा आहे. कार्डवालं यंत्र पडद्यासकट खेळताना 300 वॅट खातं असं धरलं, आणि रोज तीन तास खेळ झाला, तर महिन्याला 27 युनिट. बिनकार्डाचं यंत्र निम्म्याहून कमी खाईल. हे युनिट कोण भरणार, ते आधीच ठरवून घ्या.

खरेदी तालुक्याला करा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला करा की घरपोच मागवा, पक्कं बिल घ्या. 18 टक्के जीएसटी जास्त वाटतो म्हणून कच्च्या चिठ्ठीवर माल घेतला तर वॉरंटी मागायला तोंड राहत नाही. बिलावर प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर हवा. खोकी माळ्यावर ठेवा, चुलीत घालू नका. माल बदलून देण्याची मुदत किती दिवसांची ते विचारा आणि त्या दिवसांतच जोडून, तासभर गेम चालवून बघा.

जोडून झाल्यावर पडदा काळा राहिला तर घाबरू नका. कार्ड असेल तर पडद्याची वायर कार्डाच्या खाचेत लावायची असते. घाईत ती वरच्या बाजूला, मदरबोर्डाच्या खाचेत गेलेली असते.