वसईची आळी आणि मराठी मिस्सा

दसरा-दिवाळीला दादरच्या फुलबाजारात पहाटे जी फुलं उतरतात, त्यांतली बरीच वसईच्या वाड्यांतून आलेली असतात. ती खुडणाऱ्या, टोपल्या भरणाऱ्या आणि पहाटेची गाडी गाठणाऱ्या बायकांत ख्रिस्ती बायका पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दिवाळीच्या आगेमागेच २ नोव्हेंबर येतो, मृतांच्या स्मरणाचा दिवस. तेव्हा त्याच वाड्यांतली फुलं चर्चलगतच्या दफनभूमीत जातात. कबरी धुतल्या जातात, मेणबत्त्या लागतात. पाठोपाठ कार्तिकात निर्मळची जत्रा भरते. ही यात्रा शंकराचार्यांच्या समाधीची, आणि होली क्रॉस चर्च तिथून जवळच. जत्रेत लोक आवर्जून सुकेळी घेतात. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवण्याची ही मेहनत करणाऱ्या घरांत हिंदूही आहेत नि ख्रिस्तीही.

मुंबईकराला वसईचा ख्रिस्ती माणूस भेटला की तो त्याला गोव्याचा समजतो. हा गैरसमज फार जुना आहे आणि इथल्या माणसांना तो बोचतो. वसईचे सामवेदी, वाडवळ, कोळी, आगरी ख्रिस्ती घरात मराठीच्याच बोली बोलतात. सामवेदींची कादोडी तर ख्रिस्ती सामवेदींची, म्हणजे कुपारींची, आणि हिंदू सामवेदी ब्राह्मणांची एकच. कुंपणाच्या अल्याड मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, आणि पल्याड सत्यनारायण असला, तरी दोन्हीकडे गायीला हाक एकाच बोलीत मारली जाते.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगिजांना दिली. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन संन्याशी आले, चर्च उभी राहिली. सांडोरचं सेंट थॉमस १५६६ चं, नंदाखालचं होली स्पिरिट १५७३ चं. या काळात देवळं पडली, सत्तेचा दबाव होता, हे लपवण्यासारखं नाही आणि इथले विचारी ख्रिस्ती लेखक ते लपवतही नाहीत. पण धर्म कोणत्या परिस्थितीत आला, एवढ्यावरून पुढच्या साडेचारशे वर्षांचं माणसांचं जगणं ठरत नाही. याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया जपानला गेला, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मारला गेला आणि १८६२ मध्ये संत म्हणून घोषित झाला. गासच्या चर्चला त्याचंच नाव आहे.

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला. किल्ल्यातल्या आणि परिसरातल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर त्या आजही आहेत. मराठी वाचकाला ही गोष्ट ठाऊक असते. घंटा गेल्यावर मागे उरलेल्या माणसांचं काय झालं, हे मात्र कुणी फारसं विचारत नाही. पोर्तुगीज अधिकारी, सरदार, युरोपीय पाद्री निघून गेले. शेतकरी आणि कोळी राहिले. मराठ्यांबरोबरच्या तहाने मोजकी चर्च चालू राहिली, धर्मगुरू अपुरे पडू लागले. तरीही समाज विखुरला नाही. मला यामागे मुख्य कारण आळी वाटते. आळीच्या तोंडाशी क्रूस, त्यापाशी संध्याकाळची जपमाळ, मे महिन्यात क्रुसाचा सण, लग्नात विहिरीवरून वाजतगाजत आणलेलं उंबराचं पाणी, मयताला न बोलावता जमणारे शेजारी. धर्मगुरू नसतानाही हे सगळं चालत होतं. धर्मग्राम, म्हणजे पॅरिश, कागदावर बिशपच्या हुकमाने स्थापन होतं. वसईत ते उभं होतं आळीच्या या सवयीवर.

या सवयीतून व्यवहारही उगवला. सावकाराच्या पाशातून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी १९१८ मध्ये पापडीला मॉन्सिनियर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने कॅथॉलिक पतपेढी सुरू झाली. आजची बसीन कॅथॉलिक सहकारी बँक ती हीच. बियाणं, बैल, मुलीचं लग्न, पुढे डिझेलचा पंप आणि मुलाचं इंजिनिअरिंग, या सगळ्या पैशाची वाट इथून गेली. प्रवचनातल्या परोपकाराला पासबुकाची जोड मिळाली, हे या समाजाच्या स्थैर्याचं मोठं कारण आहे आणि त्याची नोंद व्हायला हवी तेवढी होत नाही.

मिस्सा मात्र लॅटिनमध्ये होती. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून प्रार्थना म्हणत. बाकावरच्या बायका तोवर आपल्या जपमाळेचे मणी ओढत. कानावर पडणारं कळत नव्हतं, पण ते पवित्र आहे एवढं कळत होतं. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. उपासनाविधीवरचा तिचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ चा. त्याने लोकभाषांना दार उघडलं आणि पुढच्या काही वर्षांत वसईच्या वेदीवर मराठी आली. धर्मगुरू लोकांकडे वळले. वाचनं, स्तोत्रं, गाणी मराठीत आली. पेटी आणि तबला गायन मंडळात बसला. शेतावरून आलेला माणूस रविवारी उभा राहून यशयाचं पुस्तक वाचू लागला, बायका वाचू लागल्या. साडेचारशे वर्षांच्या या समाजाच्या इतिहासात याहून मोठा बदल मला दिसत नाही.

त्या बदलाला वाङ्मयाची जोड दिली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी. नंदाखालचे ते. १९८३ ते २००७ ही वर्षं ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते आणि त्यांच्या हाताखाली ते चर्चचं पत्रक न राहता मराठी मासिक झालं. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ मध्ये साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. एका ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान पहिल्यांदाच मिळाला. जुलै २०२४ मध्ये ते गेले. वसईतून सिसिलिया कार्व्हालोंसारखी लेखणी मराठीला मिळाली, तीही याच हवेतली. १९९८ मध्ये मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वसईचा धर्मप्रांत वेगळा झाला, तेव्हा या मराठी उपासनेला स्वतःचं घर मिळालं.

पण ज्या आळीवर हे उभं होतं, तिच्या खालची जमीन त्याच वर्षांत सरकत होती. वसईची शेती विहिरीची. बैलाचा रहाट होता तोवर पाणी बेतानं उपसलं जाई आणि रात्रीत भरून येई. शिवाय प्रत्येक वाडीत बावखल असे. पावसाचं पाणी त्या खोल खड्ड्यात साठे, जमिनीत मुरे आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला मागे ढकले. डिझेलचे, मग विजेचे पंप आले. नव्या इमारतींसाठी टँकर विहिरींना लागले. गोडं पाणी खाली गेलं आणि खारं आत शिरलं. पानवेल सुकली, केळी पिवळी पडली. दिब्रिटोंनी हरित वसई संरक्षण समितीतून जो लढा दिला, तो या पाण्यासाठी आणि हिरव्या पट्ट्यासाठी होता. त्यांच्यासोबत सर्व धर्मांची माणसं रस्त्यावर उतरली, धमक्या आल्या, हल्ले झाले. धर्मगुरूने जमिनीच्या प्रश्नात का पडावं, असं तेव्हा काही जण विचारत. वाडी गेली तर आळी जाते आणि आळी गेली तर धर्मग्रामात फक्त इमारत उरते, हे त्यांना दिसत होतं असं मी मानतो.

तरीही शहर आलंच. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, गावांनी तिला कडवा विरोध करूनही. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. बावखलं मातीने बुजवून त्यांवर बंगले आणि चाळी उठल्या. जुलै २०१८ मध्ये पाऊस कोसळला, तेव्हा पाण्याला थांबायला जागाच नव्हती. वस्त्या दिवसेंदिवस पाण्यात राहिल्या. आता काही गावांत तरुण मुलं उरलेली बावखलं गाळ काढून जिवंत करत आहेत. मला या कामाचं फार मोल वाटतं.

चर्चचं चित्रही पालटलं. रेल्वेच्या बाजूच्या धर्मग्रामांत मुंबईतून, मंगळूरहून, केरळातून आलेली कुटुंबं आहेत. तिथे रविवारी इंग्रजी मिस्सा आवश्यकच आहे आणि पाहुण्यांना वेदीजवळ जागा देणं हा धर्मच. काळजी दुसरीकडे आहे. पश्चिमेच्या गावांतली मूळ कुटुंबंही मुलांना इंग्रजी शाळेत घालत आहेत. आईबाप आखातात, कॅनडात, इस्राएलमध्ये वृद्धांच्या शुश्रूषेला. घरी आजी कादोडी बोलते, नातू तिला इंग्रजीत उत्तर देतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात देवनागरी अडखळत वाचणारी मुलं वाढत आहेत. लॅटिन होती तेव्हा लोकांना शब्द कळत नव्हते, पण घरात बोली शाबूत होती. आता मराठी शब्द वेदीवर आहेत आणि घरातून निघून चालले आहेत. पालकांना दोष देऊन हे थांबणार नाही. नोकरी इंग्रजीने मिळते हे त्यांनी बरोबर ओळखलं आहे.

आशा मला गायन मंडळात दिसते. तिथे मूल वाचण्याआधी ऐकून शिकतं. ज्याला धडा वाचता येत नाही, त्याला नाताळची दहा मराठी गाणी पाठ असतात, आणि ताल चुकला तर तोच शेजारच्याला कोपरखळी मारतो. रविवारच्या धर्मशिक्षणातला अर्धा तास देवनागरी वाचनाला दिला, आजीआजोबांना त्या वर्गात शिकवायला बसवलं, कादोडी आणि वाडवळीतल्या गोष्टी त्यांच्याच तोंडून ध्वनिमुद्रित केल्या, तर फार खर्च येणार नाही. १९१८ च्या पतपेढीला लागली असेल तेवढी जिद्द मात्र लागेल. आणि ते आत्ताच करायला हवं, कारण लॅटिन मिस्सा आणि पहिली मराठी मिस्सा, दोन्ही कानांनी ऐकलेली माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत.