पिशवीवरची तारीख आणि दुधाचे घड्याळ

बिबवेवाडीतील कोणत्याही सोसायटीत सकाळी साडेसहाला जिना चढून पाहावे. दाराच्या कडीला अडकवलेल्या पिशव्यांत दूध येऊन पडलेले असते. ते आत जाईपर्यंत कुठे दहा मिनिटे जातात, तर कुठे मंडळी उशिरा उठतात म्हणून दीड तास. छापलेली तारीख मात्र सगळ्या पिशव्यांवर एकच. मग दीड तास बाहेर राहिलेल्या दुधालाही ती लागू पडते काय? त्यासाठी ही तारीख कशाच्या आधारावर छापतात ते आधी पाहू.

बिबवेवाडीच्या दक्षिणेला सातारा रस्त्यावर जिल्हा दूध संघाची कात्रज डेअरी आहे. अशा कोणत्याही डेअरीत दूध ७२ अंश सेल्सिअसला किमान १५ सेकंद तापवतात आणि लगेच चार-पाच अंशांपर्यंत थंड करून पिशव्यांत भरतात. हेच पाश्चरीकरण. लुई पाश्चर यांनी ही युक्ती मुळात दुधासाठी काढलीच नव्हती. १८६० च्या दशकात त्यांनी ती वाइन टिकवण्यासाठी वापरली, आणि १८७६ साली बिअर का बिघडते यावर अख्खे पुस्तक लिहिले. दुधाला तिचा लाभ नंतर झाला.

पाश्चरीकरण म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवायला हवे. क्षयासारख्या रोगांचे जंतू या उष्णतेने मरतात, पण उष्णतेला दाद न देणारे काही जीवाणू आणि त्यांचे बीजाणू उरतात. शिवाय दूध भरताना यंत्रातून थोडे नवे जंतूही आत शिरतात. एका मिलिलिटरमध्ये ३० हजारांपर्यंत जीवाणू असलेले पाश्चरीकृत दूधही चांगले समजले जाते. ही संख्या एक कोटीच्या आसपास गेली की चव आणि वास बदलू लागतात.

आता गणित करू. ३० हजारांचे एक कोटी होण्यासाठी संख्या सुमारे साडेआठ वेळा दुप्पट व्हावी लागते. समजा, चार अंशांना एका दुपटीला आठ तास लागतात. म्हणजे दूध ६८ तास, जवळजवळ तीन दिवस टिकेल. तीस अंशांना हीच दुप्पट अर्ध्या तासात होते असे धरले, तर सव्वाचार तासांत खेळ आटोपला! दाराबाहेरच्या दीड तासात तीन दुपटी होतात, आणि तेवढ्याच दुपटींना फ्रिजमध्ये २४ तास लागले असते. म्हणजे छापलेल्या मुदतीतला एक दिवस कडीला टांगल्याटांगल्याच संपला. आकडे अर्थात नमुन्यादाखल आहेत. थंड पिशवी गरम व्हायला वेळ लागतो, पुण्याची पहाट बहुधा तीस अंशांची नसते आणि थंडीत वाढणारे जंतू व उन्हाळ्यात वाढणारे जंतू वेगळे असतात. तरी दुधाचे घड्याळ तापमानावर चालते आणि भिंतीवरच्या घड्याळाशी त्याचा मेळ बसतोच असे नाही, हे यातून कळते. म्हणूनच तारखेजवळ बारीक अक्षरांत 'पाच अंशांखाली' किंवा 'आठ अंशांखाली ठेवा' अशी अट असते. आमच्या मते ती अट मोठ्या अक्षरांत आणि तारीख बारीक अक्षरांत छापायला हवी. फ्रिजच्या दारातला कप्पा सर्वांत उबदार असतो आणि नेमके तिथेच आपण दूध ठेवतो, तेव्हा एकदा तिथे तापमापक ठेवून पाहावा.

नासण्याच्याही तऱ्हा आहेत. बाहेर राहिलेल्या दुधात जीवाणू दुग्धशर्करेचे लॅक्टिक आम्ल करतात. ताज्या दुधाचा सामू ६.६ च्या आसपास असतो. तो ४.६ पर्यंत उतरला की दुधातले केसीन हे प्रथिन आपोआप साकळते. सामू त्याच्या बराच वर असताना, म्हणजे जिभेला आंबटपणा फारसा कळत नसतानाच, दूध तापवले तर ते फाटते. कारण उष्णता आणि आम्ल एकत्र काम करतात. फ्रिजमध्ये फार दिवस राहिलेले दूध मात्र पुष्कळदा आंबत नाही, कडवट होते. थंडीतही वाढणारे जीवाणू प्रथिने आणि स्निग्धांश तोडतात, त्याची ही चव. 'आंबट नाही, म्हणजे चांगले' हा समज म्हणूनच फसवा आहे.

आपल्याकडे दूध आल्याबरोबर उकळतात. त्या क्षणी पिशवीवरच्या तारखेचा संबंध संपतो. जिवंत जीवाणू बहुतेक मरतात आणि मोजणी नव्याने सुरू होते. पण काही जंतूंनी आधीच तयार केलेली विषे उकळूनही नष्ट होत नाहीत. शाळेत मुलांना दूध देणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. उन्हात राहिलेले दूध 'उकळले आहे ना' म्हणून देऊ नये.

सर्वच तारखांचा अर्थ मात्र एक नसतो. 'या तारखेपर्यंत वापरा' ही सुरक्षिततेची मर्यादा असते, तर 'या तारखेपर्यंत उत्तम' ही चवीची. भारतात २०२० च्या लेबल नियमांनुसार पहिली छापणे बंधनकारक आहे, दुसरी ऐच्छिक. चवीच्या तारखेचे उत्तम उदाहरण पाश्चरांच्या बिअरचेच आहे. तिच्यातले अल्कोहोल, आम्ल आणि हॉप्स यांमुळे रोगजंतूंना तिथे थारा मिळत नाही. पिंपावरची तारीख उलटली तर बिअर विषारी होत नाही, ऑक्सिजनमुळे शिळी होऊन तिला पुठ्ठ्यासारखा वास येतो. तिथेही पिंप उन्हात राहिले तर हे लवकर घडते.

वर्गात दाखवण्यासारखा एक प्रयोग मेथिलीन ब्लूचा. एकाच पिशवीतले दूध दोन भागांत विभागून एक भाग फ्रिजमध्ये आणि दुसरा चार-पाच तास बाहेर ठेवावा. मग स्वच्छ परीक्षानळ्यांत प्रत्येकी दहा मिलिलिटर दूध घेऊन त्यात या रंगाच्या अगदी विरल द्रावणाचा एक मिलिलिटर घालावा, बुचे लावावीत आणि नळ्या ३७ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवाव्यात. जीवाणू दुधातला ऑक्सिजन वापरून टाकतात तसा निळा रंग जातो. जीवाणू जितके जास्त, तितका तो लवकर जातो. दर अर्ध्या तासाने नोंद करावी आणि प्रयोगानंतर दूध ओतून द्यावे. पृष्ठभागावर बारीक निळे कडे राहिले तर गोंधळू नये. नळी जोराने हलवू मात्र नये, कारण हवेतला ऑक्सिजन मिसळताच गेलेला रंग परत येतो.